फक्त हातात घेऊन बघायचा होता

“सर, श्वास सोडा आणि मग दाबा,” मल्लिनाथअण्णा म्हणाले.

मी श्वास सोडला आणि बटण दाबलं. सोलापूरच्या नवी पेठेत ‘अक्कलकोटे फोटो गुड्स’च्या गच्चीवर आम्ही दोघं उभे होतो. वर एक घार गोल गोल फिरत होती. माझ्या हातात जो कॅमेरा होता तो मी त्यांच्याकडून विकत घेणार नव्हतो. हे मात्र फक्त मला माहीत होतं.

अण्णांनी मागच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. “आली बघा. डोळा दिसतोय. मागच्या शनिवारी नुसती शेपटी येत होती.”

माझा हा सलग तिसरा शनिवार होता.

या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं झाली. मी तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. चाळिशी उलटल्यावर लोकांना गुडघेदुखी लागते, मला पक्ष्यांचा नाद लागला. आमचं ‘माळरान मित्रमंडळ’ होतं. दर रविवारी पहाटे आम्ही नान्नजच्या अभयारण्याकडे निघायचो, माळढोक दिसेल या आशेनं. तो दिसायचा नाही, पण बाकीचं बरंच दिसायचं. सगळ्यांकडे कॅमेरे होते, माझ्याकडे दुर्बीण. दुर्बिणीतून पाहिलेला पक्षी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकता येत नाही, त्यामुळे मी पाहिलेले पक्षी मंडळात कुणी जमेस धरत नसे.

मंडळाचे अध्यक्ष डॉ. बिराजदार, त्वचारोगतज्ज्ञ. त्यांच्याकडे पाण्याच्या पाइपाएवढी लांब लेन्स होती. मला तसलीच हवी होती. पहिल्या शनिवारी मी दुकानात जाऊन तेच म्हणालो. अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. साठीचे गृहस्थ, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, पांढरा शर्ट आणि खिशातून डोकावणारं काच पुसायचं पिवळं फडकं. त्यांनी कपाटातून तसलीच लेन्स काढून माझ्या हातात दिली आणि स्वतःच्या घड्याळाकडे बघत बसले.

“काय बघताय?” मी विचारलं.

“तुमचा हात किती वेळ टिकतो ते.”

चाळीस सेकंदांनी माझं मनगट थरथरायला लागलं. अण्णांनी लेन्स काढून घेतली. “ही घेतली तर दोन रविवार न्याल, तिसऱ्या रविवारी कपाटात ठेवाल. कशाला घेताय तेवढं? तुम्हाला ही पुरते बघा.” आणि त्यांनी निम्म्या वजनाची, निम्म्या किमतीची लेन्स पुढे केली.

महाग वस्तू घेऊ नका म्हणणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता. अर्थशास्त्राच्या पुस्तकातही त्याचा उल्लेख नाही. मी भारावून गेलो. भारावलेल्या अवस्थेत मी खिशातली डायरी काढली, त्यांचा फोन नंबर लिहून घेतो म्हणालो, आणि कॅमेऱ्याचा नि लेन्सचा मॉडेल नंबर लिहून घेतला.

तर त्या तिसऱ्या शनिवारी गच्चीवरून खाली आल्यावर मी कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि ठरलेलं वाक्य म्हटलं, “मिसेसला विचारून सांगतो.”

काउंटरमागे अण्णांची मुलगी सुवर्णा बसायची. बी.कॉम. झालेली, बोलायला तिखट. ती म्हणाली, “मॅडमना एकदा घेऊनच या की सर. त्यांचा नकार आम्हाला समोरासमोर तरी ऐकू दे.”

“सुवर्णा,” अण्णा हळूच म्हणाले.

माझ्या शेजारी एक तरुण उभा होता. त्यानं अर्धा तास तीन कॅमेरे खालीवर करून पाहिले होते. आता तो खिशातला मोबाइल काढून अण्णांना दाखवत होता. “काका, हाच इथे सात हजारांनी कमी आहे. तुम्ही देणार का एवढ्याला?”

“मला कंपनीकडून येतानाच त्याहून महाग पडतो,” अण्णा म्हणाले.

“मग तुम्ही पण ऑनलाइनच का मागवत नाही?” तरुणानं अगदी मदतीच्या भावनेनं विचारलं.

अण्णा हसले आणि तिन्ही कॅमेरे पुसून परत कपाटात ठेवले. त्या दिवसांत त्यांचं निम्मं काम हेच होतं, लोकांच्या बोटांचे ठसे पुसणं.

त्याच रात्री जेवण झाल्यावर मी तो कॅमेरा लेन्ससकट ऑनलाइन मागवला. सात नव्हे, साडेसात हजारांनी स्वस्त. शिवाय बॅग फुकट.

चौथ्या दिवशी खोकं आलं. माझ्या बायकोनं, वृंदानं, ते उघडताना पाहिलं आणि विचारलं, “हे अण्णांकडचं नाही?”

“वृंदा, बाजारात भावना नसतात. मागणी असते आणि पुरवठा असतो.”

“मग तीन शनिवार त्यांच्याकडे काय चाललं होतं?”

“ती माहिती. माहिती फुकटच असते.”

“त्यांना फुकट मिळाली होती का?” असं विचारून ती आत निघून गेली. वृंदाला अर्थशास्त्र कधीच जमलं नाही.

रविवारी मी नव्या कॅमेऱ्यासह नान्नजला गेलो. नशीब एवढं जोरावर की गवतातून धाविक पक्ष्यांची जोडी चालत समोर आली. हे पक्षी उडण्यापेक्षा पळतात जास्त, म्हणून धाविक. मी ऐंशी फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर ऐंशीच्या ऐंशी फोटोंत गवताची पाती इतकी स्वच्छ की कुसळं मोजून घ्यावीत, आणि त्यामागे दोन तपकिरी डाग. डॉ. बिराजदारांनी ग्रुपवर लिहिलं, ‘सर, आपला गवताचा अभ्यास उत्तम.’ खाली तेरा जणांनी हसरे चेहरे टाकले.

खोक्यात माहितीपुस्तक होतं. त्यात कॅमेरा पाण्यात बुडवू नये, लहान मुलांना गिळायला देऊ नये असं अकरा भाषांत सांगितलं होतं. धाविक पक्ष्याबद्दल काहीच नव्हतं. कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. पलीकडच्या मुलीनं मला कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. तो व्यवस्थित चालू झाला. तिनं माझं अभिनंदन केलं आणि फोन ठेवला.

मग उपाय एकच होता. शनिवारी मी बॅग खांद्याला लावून नवी पेठेत गेलो. वाटेत वाक्य तयार केलं होतं.

“अण्णा, काय सांगू, मी तुमच्याकडूनच घेणार होतो. पण आमचा मेव्हणा अमेरिकेहून आला, तो अचानक हाच घेऊन आला. आता भेट दिलेली वस्तू नाही कशी म्हणायची?”

वृंदाला एकच भाऊ. तो बार्शीला कृषी खात्यात आहे आणि विमानात अजून बसलेला नाही.

अण्णांनी कॅमेरा हातात घेतला. एकदा उलटा करून पाहिला. “चांगला दिलाय मेव्हण्यांनी. अडचण काय?”

मी गवताची गोष्ट सांगितली. ते चालू करायला गेले तर बॅटरी संपलेली. मी बॅगेतून चार्जर काढून दिला. त्यांनी तो भिंतीतल्या प्लगला लावला आणि स्टूल ओढून बसले.

“कॅमेऱ्याला अक्कल नसते सर. त्याला जे जवळ दिसतं तेच तो धरतो. तुमच्या पुढं गवत होतं, त्यानं गवत धरलं. त्याला सांगावं लागतं की बाबा, फोकसला मधला एकच ठिपका वापर, आणि पक्षी हलला की त्याच्या मागं मागं जात राहा.”

मग त्यांनी कुठलं बटण कुठल्या खुणेवर ठेवायचं, उडणाऱ्या पक्ष्याला शटरचा वेग किती लावायचा, बसलेल्याला किती, ढगाळ दिवशी काय, काळ्या पक्ष्याला काय आणि पांढऱ्या बगळ्याला काय, हे सगळं सांगितलं. समोरच्या रस्त्यावरची कबुतरं उडवून माझ्याकडून फोटो काढून घेतले. दीड तास गेला. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना सुवर्णानं पाहिलं. तेही फक्त हातात घेऊन बघायला आले होते.

निघताना मी विचारलं, “अण्णा, काही द्यायचं का?”

“सांगायचे कसले पैसे?” ते म्हणाले.

मी लगेच पाकीट परत खिशात ठेवलं. माहिती फुकट असते हा माझा सिद्धांत त्यांनीच सिद्ध केला होता.

पुढच्या रविवारी मला माळावर घिरट्या घालणारा भोवत्या ससाणा कॅमेऱ्यात मिळाला. पंख पसरलेला, डोळा चकाकणारा, एकेक पीस मोजता येईल असा. ग्रुपवर चाळीस अंगठे आले. त्या आनंदात मी ज्या वेबसाइटवरून कॅमेरा घेतला होता तिथं रिव्ह्यू लिहायला बसलो. दोन ओळी लिहायच्या होत्या, पण लिहिता लिहिता अण्णांचं एकेक वाक्य आठवत गेलं. जड लेन्स घेण्याआधी ती चाळीस सेकंद हातात धरून बघा. कॅमेऱ्याला अक्कल नसते. मधला एकच ठिपका वापरा. श्वास सोडा आणि मग दाबा. चार शनिवारांची शिकवणी मी इंग्रजीत, मुद्देसूद, शीर्षकासह उतरवून काढली. खाली नाव लिहिलं, प्रा. विद्याधर मोहोळकर.

अण्णांचं नाव लिहायचं सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं सांगत असे. खरं म्हणजे सुचलं होतं. पण पुस्तकं वाचून मिळवलेल्या ज्ञानाला जशी पाठीमागे संदर्भसूची लागते तशी दुकानात मिळवलेल्या ज्ञानाला लागत नाही, असा निर्णय मी स्वतःच्या अधिकारात घेतला.

महिन्याभरात चार हजार लोकांनी ‘हा रिव्ह्यू उपयुक्त वाटला’ असं बटण दाबलं. वेबसाइटनं माझ्या नावापुढे सोनेरी बिल्ला लावला. पाटण्याहून, कोट्टायमहून लोक मला प्रश्न विचारू लागले. त्यातल्या अवघड प्रश्नांसाठी मी शनिवारी नवी पेठेत चक्कर मारायचो आणि ‘एका मित्रासाठी विचारायचंय’ म्हणून उत्तर घेऊन यायचो. कॉलेजच्या प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये माझं कौतुक केलं. माझ्या वीस वर्षांतल्या अर्थशास्त्रावरच्या लेखांची त्यांनी कधी दखल घेतली नव्हती.

एकदा मी दुकानात असतानाच एक जोडपं आलं. नवऱ्याच्या हातात माझ्या रिव्ह्यूचे छापून आणलेले कागद होते. तो अण्णांना म्हणाला, “घ्यायचं आम्ही ठरवलंय, ते ऑनलाइनच. पण यात लिहिलंय की लेन्स चाळीस सेकंद धरून बघावी. तेवढं बघायचं होतं.”

अण्णांनी कागद हातात घेतला, चष्मा वर करून वाचला. दोन पानं पूर्ण वाचली. खाली नावापाशी थोडे थांबले. मी कपाटातल्या फिल्टरांच्या डब्या अतिशय बारकाईनं पाहत होतो.

“बरोबर लिहिलंय,” ते म्हणाले. त्यांनी लेन्स काढून दिली आणि घड्याळाकडे पाहू लागले.

माझ्याशी ते त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. त्यांना नाव लक्षात आलं नसावं, अशी मी समजूत करून घेतली. त्यांना माझं आडनाव माहीत होतं, हा भाग मी त्या समजुतीतून वगळला.

दिवाळीच्या आधी मंडळानं कार्यशाळा ठरवली, ‘पक्षिछायाचित्रणासाठी कॅमेरा कसा निवडावा’. मार्गदर्शक, प्रा. मोहोळकर. डॉ. बिराजदारांनी एका शाळेचा हॉल घेतला, फलक लावला आणि कार्यशाळेच्या दिवशी सकाळी मला फोनवर सांगितलं, “लोकांना हाताळायला कॅमेरे हवेत म्हणून मी अक्कलकोट्यांना बोलावलंय. ते आपले सगळे नमुने घेऊन येतायत. भला माणूस.”

आजारपणाचं निमित्त काढावं असं मनात आलं. पण फलकावर माझा फोटो होता.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं जमली होती. मागच्या भिंतीशी लांब टेबलावर पांढरी चादर अंथरून अण्णा आणि सुवर्णा कॅमेरे मांडत होते. डॉ. बिराजदारांनी प्रास्ताविक केलं. “सरांच्या रिव्ह्यूची लिंक आपल्या ग्रुपवर टाकली आहे, सर्वांनी त्यावरूनच खरेदी करावी, स्वस्त पडेल. आणि ज्यांना आधी हातात घेऊन पाहायचं असेल त्यांच्यासाठी श्री. अक्कलकोटे यांनी मागे सोय केली आहे. त्यांच्यासाठी टाळ्या.”

टाळ्या झाल्या. अण्णांनी हात जोडले. सुवर्णानं जोडले नाहीत.

मी उभा राहिलो आणि अण्णांचं भाषण अण्णांसमोर केलं. सुरुवातीला जीभ अडखळली, पण लोक लिहून घेऊ लागले तसा मला धीर आला. मनगटाचा मुद्दा आला. गवताचा आला. ‘कॅमेऱ्याला अक्कल नसते’ यावर चांगला हशा पिकला. पंचवीस मिनिटांनंतर मला खरोखर वाटू लागलं की हे सगळं माझ्याच अनुभवातून आलेलं आहे. मी अण्णांकडे पाहण्याचं टाळत होतो, तेही विसरलो.

मग प्रश्न सुरू झाले. पाच-सहा सोपे गेले. शेवटी एक वृद्ध गृहस्थ उठले. रेल्वेत गार्ड होते, निवृत्तीनंतर नाद लागला, असं त्यांनी सांगितलं. पिशवीतून फोटोंचं पाकीट काढून ते पुढे आले.

“सर, हे बघा. तुम्ही सांगितलं तसंच सगळं करतो. मधला ठिपका, वेग, सगळं. पण दुपारी माळावर काढलेला एकही फोटो नीट येत नाही. लांबचं काळवीट पाण्यात उभं असल्यासारखं हलतं. असं कशामुळं होतं?”

मी फोटो पाहिले. खरंच, काळवीट वितळल्यासारखं दिसत होतं. हा प्रश्न मी अण्णांना कधी विचारला नव्हता.

सत्तर माणसं पेन उघडून बसली होती. मी चष्मा काढून पुसला. “याचं असं आहे,” मी म्हणालो, “हा लेन्सच्या गुणवत्तेचा भाग आहे. तुमची लेन्स साधी दिसते. वरच्या दर्जाची घ्यावी लागेल.”

“केवढ्याला येते?”

“असेल... लाखाच्या घरात.”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. पण तो मान हलवून म्हणाला, “बघतो. ग्रॅच्युइटीतलं थोडं ठेवलंय बाजूला.”

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अण्णा उभे राहिले होते.

“सर, मध्येच बोलतो, माफ करा. तुम्हीच मागं एकदा मला दुकानात सांगितलं होतं, आता गडबडीत विसरला असाल. दुपारची हवा तापते, जमिनीवरनं वर चढते, त्या हवेतनं लांबचं सगळं हलतंच. लाखाची लेन्स लावली तरी हलणार. यांची लेन्स चांगली आहे. सकाळी नऊच्या आत जायचं आणि जनावराच्या थोडं जवळ जायचं, बास. असंच म्हणाला होता ना सर?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“हो,” मी म्हणालो. “तसंच म्हणालो होतो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हाताऱ्यानं माझे दोन्ही हात हातात धरले. “सर, तुम्ही माझे पैसे वाचवलेत.” डॉ. बिराजदारांनी मला शाल घातली, नारळ दिला. अण्णांना मंडळाचं कॅलेंडर मिळालं.

हॉल रिकामा झाल्यावर मी बाहेर आलो. अण्णा आणि सुवर्णा रिक्षात पेट्या चढवत होते. मी एका पेटीला हात लावला.

“राहू द्या सर, शाल मळेल,” सुवर्णा म्हणाली. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, “एक विचारू? अमेरिकेत पण आपल्यासारखेच गोल पिनांचे प्लग असतात का?”

मला क्षणभर काही कळेना. मग त्या दिवशी अण्णांनी माझा चार्जर भिंतीला लावला होता ते आठवलं. सरळ बसला होता तो प्लगमध्ये. म्हणजे ते दीड तास शिकवत होते तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं.

“अण्णा,” मी म्हणालो, “आज तुम्ही मला वाचवलंत. तुम्हाला गप्प बसता आलं असतं.”

अण्णांनी शेवटची पेटी रिक्षात सरकवली. “तुम्हाला वाचवायला नाही उठलो सर. ते गार्डसाहेब उगाच लाख रुपये घालवणार होते.” त्यांनी पेटीवरची दोरी आवळली. “आणि तुम्ही तिथं खोटे पडला असता, तर त्याआधी अर्धा तास जे सांगितलं तेही लोकांनी खोटं धरलं असतं. ते खोटं नाही. ते माझं आहे.”

एवढं बोलून ते रिक्षात बसले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

घरी येऊन मी शाल कपाटात टाकली आणि संगणक उघडला. रिव्ह्यूच्या वर एक ओळ घातली, ‘यातलं सर्व काही मला सोलापूरच्या नवी पेठेतले दुकानदार मल्लिनाथ अक्कलकोटे यांनी शिकवलं.’ दोन मिनिटांत उत्तर आलं की रिव्ह्यूमध्ये अन्य विक्रेत्याचा उल्लेख करणं नियमांत बसत नाही, सबब बदल नामंजूर. मी नाव काढून ‘एका दुकानदाराने’ लिहिलं. नामंजूर. शेवटी नुसतं लिहिलं, ‘हे ज्ञान माझं नाही.’ त्यावर उत्तर आलं की रिव्ह्यू ग्राहकाच्या स्वतःच्या अनुभवावरच आधारित असावा, अन्यथा बिल्ला काढून घेण्यात येईल.

वृंदा मागे उभी राहून वाचत होती. “खोटं लिहिलंस तेव्हा बिल्ला दिला होता ना?” ती म्हणाली.

सोमवारी मी कॉलेज संपल्यावर थेट नवी पेठेत गेलो. दुकानात अण्णा आणि सुवर्णा दोघंच होते. मी आत शिरताच उभ्याउभ्या सांगून टाकलं, “अण्णा, मला मेव्हण्यानं कॅमेरा दिला नव्हता. मी ऑनलाइन घेतला. रिव्ह्यू माझाच आहे. तुमचं नाव घालायला गेलो तर ते घालू देत नाहीत. मी आज तो काढून टाकतो.”

“कशाला काढताय?” अण्णा म्हणाले. “इंग्रजी मला सगळं नाही कळलं, पण बरोबर आहे ते. वाचून चार लोकांनी नको ती लेन्स घेतली नाही तर बरंच आहे की. राहू द्या.”

मला हे अपेक्षित नव्हतं. मला माफी हवी होती, किंवा शिवी. यातलं काहीच मिळेना तेव्हा मी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला सुचेल तोच मार्ग धरला.

“मला एक कॅमेरा घ्यायचाय. आता. तुमच्याकडून.”

“तुमच्याकडे आहे की.”

“वृंदासाठी.”

“मॅडमना आवड आहे?”

पुन्हा खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. “नाही,” मी म्हणालो.

“मग?”

“मग मला एक लेन्स द्या. डॉक्टरांकडे आहे तसली.”

“ती तुमच्या हाताला होत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

“निदान ट्रायपॉड.”

“पक्ष्यांच्या मागं फिरणाऱ्यानं ट्रायपॉड कुठं नाचवायचा सर? बसा जरा. घाम आलाय तुम्हाला.”

सुवर्णाला राहवलं नाही. ती काउंटरमागून म्हणाली, “अण्णा, स्वतः होऊन मागतायत. द्या की. एवढे दिवस फुकट घेतलं, एक वस्तू विकत घेतली तर काय बिघडतं?”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. “सुवर्णा, लागत नसलेली वस्तू आजवर आपण कुणाच्या गळ्यात मारली नाही. आता शेवटच्या महिन्यात कशाला सुरुवात करायची?”

“शेवटच्या महिन्यात?” मी विचारलं.

सुवर्णा माझ्याकडे न बघता बोलली, “दिवाळीच्या पाडव्यापासून जागा मोबाइलच्या कव्हरवाल्याला दिलीय. मला पुण्यात नोकरी लागलीय, एका गोदामात. ऑनलाइनची पार्सलं तपासायची.”

मी कपाटांकडे पाहिलं. वरचे दोन कप्पे रिकामे होते. गेले दोन महिने मी दर शनिवारी येत होतो, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी फक्त माझं मॉडेल बघत होतो.

मी पाकीट हातात धरून तसाच उभा राहिलो. अण्णांनी स्टूल पुढे सरकवलं, रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्याला बोटांनी तीन अशी खूण केली, आणि थोड्या वेळानं चहा आला. आम्ही तिघांनी तो घेतला. मी पैसे द्यायला उठलो तर हॉटेलवाला म्हणाला, “अण्णांच्या दुकानात गिऱ्हाइकाकडून घेत नाही आम्ही.”

अण्णांनी त्याला दुरुस्त केलं नाही.